कापायच्या आधी झाकून बघ

रविवारची सकाळ. पोहे झालेत, दुसरा चहा चालू आहे, आणि घरी आलेला मित्र खिशातून मोबाईल काढून म्हणतो, "हा बघ रे, काल काढला." तुम्ही बघता. सूर्यास्त असतो. पुढे एक वाळकं झाड असतं. तुम्ही म्हणता, "छान आहे!" तो म्हणतो, "थँक्स." मोबाईल परत खिशात जातो आणि विषय संपतो.

तुमच्या लक्षात आलं का, या सगळ्या व्यवहारात फोटो कोणीच नीट बघितलेला नाही?

"छान आहे" हे वाक्य मला फार संशयास्पद वाटतं. शेजाऱ्यांचं बाळ, मित्राचा नवा सोफा, बायकोच्या मावशीने केलेली नारळाची बर्फी, सगळ्यांना आपण हेच म्हणतो. याच्या दुसऱ्या टोकाला एक वेगळीच जमात आहे. फोटो हातात पडला रे पडला की चष्मा पुसून "होरायझन तिरका आलाय" म्हणणारी. मी पहिल्या जमातीतून दुसऱ्या जमातीत बढती घेतली आणि तिथे एक मोठा घोळ करून ठेवला. आजचं लिखाण त्या घोळाबद्दल आहे.

तर सुरुवातीपासून सांगतो. २०१२ साली बोनसच्या पैशातून मी डीएसएलआर घेतला. आयटीतल्या माणसाने डीएसएलआर घेणं हे त्या काळी मुंजीसारखं होतं, कधी ना कधी व्हायचंच. त्याच वर्षी पश्चिम घाटातल्या ज्या जागा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेल्या त्यात कासचं पठार होतं, त्यामुळे सप्टेंबरमध्ये अर्धं पुणं तिकडे लोटलं होतं. मीही गेलो. चारशेच्या वर फोटो काढले. त्यातले तीनशे नव्वद फुलांचे आणि उरलेले फुलांचे फोटो काढणाऱ्या लोकांचे. घरी आई म्हणाली छान आहेत. ऑफिसात सगळे म्हणाले छान आहेत. मी खूश.

मग आलं भिगवण. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पुण्याहून सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटरवर भिगवण आहे, तिथे उजनी धरणाच्या फुगवट्यात हिवाळ्यात रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, येतात. मासेमारी करणारे लोक त्यांच्या होड्यांतून फिरवून आणतात. आम्ही रात्री साडेतीनला निघालो. थंडी मरणाची. होडीत बसलो तेव्हा हाताची बोटं गार पडून दगड झाली होती. धुक्यातून सूर्य वर आला, आणि शेदोनशे पक्षी एकदम उडाले. पंखांच्या आतला तो गुलाबी रंग! मी बटण दाबत सुटलो. त्यातला एक फोटो मला आयुष्यातला सर्वोत्तम वाटला, इतका की मी तो आठ बाय बाराच्या आकारात छापून घेतला.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जुना फोटो स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन. मालक काका सत्तरीच्या पुढचे. ऐन उमेदीत त्यांनी लाल दिव्याच्या अंधाऱ्या खोलीत 'इंदू'च्या फिल्म धुतल्या होत्या, एका रोलमध्ये बाराच फोटो मिळायचे ते दिवस. मी प्रिंट घेऊन त्यांच्याकडे गेलो. कशासाठी? खरं सांगायचं तर "छान आहे" ऐकायला.

काकांनी प्रिंट घेतली आणि काही बोललेच नाहीत. मिनिटभर बघत राहिले. मग उलटी केली आणि पक्षी खाली, पाणी वर असं करून बघितलं. मला वाटलं म्हातारा चळला.

"काय रे, हे काय आहे?"

"काका, फ्लेमिंगो. भिगवणचे."

"ते कळलं. उलटं धरल्यावर पक्षी आहेत हे डोकं विसरतं, नुसते आकार दिसतात. मला इथे नुसता राखाडी पट्टा दिसतोय आणि त्यावर ठिपके. तू काय बघितलंस?"

मग मी सुरू झालो. साडेतीनचा गजर, थंडी, धुकं, होडीवाला कसा एकदम गप्प झाला, पंखांचा तो आवाज, वगैरे वगैरे. चांगली पाच-सात मिनिटं. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि प्रिंट माझ्यासमोर ठेवली.

"छान. आता यातलं फोटोत काय आलंय ते बोट ठेवून दाखव."

मी बोट वर केलं आणि ते तसंच हवेत राहिलं. थंडी फोटोत नव्हती. आवाज नव्हता. गुलाबी रंगसुद्धा नव्हता, कारण सूर्य पक्ष्यांच्या मागे होता आणि सगळे पक्षी काळे आले होते. वर ते हललेलेही होते. लेन्स २५० मिलिमीटरला ताणलेली, होडी डुलतेय, आणि शटर १/१००. लेन्सचा आकडा जितका, निदान तितकावा भाग सेकंदाचा शटर हवा, असा ढोबळ नियम आहे; माझ्या कॅमेऱ्याचा छोटा सेन्सर धरला तर १/४०० तरी हवा होता. पण हा हिशेब मी नंतर केला. त्या क्षणी कळलं ते एवढंच की जो फोटो मी रोज बघत होतो तो कागदावर नव्हताच. तो माझ्या डोक्यात होता. कागद हे नुसतं निमित्त.

मला वाटतं हौशी फोटोग्राफरची मुख्य अडचण हीच आहे. आपण काढलेला फोटो आपल्याला बघताच येत नाही. आपण तो क्षण आठवत असतो. बघणाऱ्याकडे ती आठवण नसते, त्याच्याकडे फक्त चार कडांच्या आतलं असतं. म्हणून त्याने "मला हे दिसतंय" असं सांगणं हीच त्याच्याकडून मिळणारी सगळ्यात मोलाची गोष्ट. ("छान आहे" म्हणणारा ती देतच नाही. तो आपल्या आनंदात सहभागी होतो, तेही वाईट नाही म्हणा.)

आता एवढा चांगला धडा मिळाल्यावर मी शहाणा व्हायला हवं होतं. झालो नाही. मी दिडशहाणा झालो.

झालं असं की मी पुस्तकं वाचायला लागलो. रूल ऑफ थर्ड्स, लीडिंग लाईन्स, हिस्टोग्राम. ऑफिसातल्या आम्हा सहाजणांचा एक कंपूही जमला. महिन्याच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी कोणाच्या तरी फ्लॅटवर जमायचं, प्रत्येकाने पेन ड्राईव्हवर एकच फोटो आणायचा, तो टीव्हीवर लावायचा आणि इतरांनी बोलायचं. सोबत भेळ. आणि या कंपूत सगळ्यात जास्त बोलणारा प्राणी कोण, हे तुम्ही ओळखलं असेलच.

दिवसभर ऑफिसात कोड रिव्ह्यू करायची सवय. तीच पद्धत मी फोटोंना लावली. फोटो आला की मी मुद्दे काढायचो. एक, दोन, तीन. मुद्दे जितके जास्त तितका रिव्ह्यू चांगला, असा आपला एक समज असतो ना? शिवाय चूक दाखवली की आपल्याला कळतं हे सिद्ध होतं, आणि गुण दाखवले की आपण मस्का मारतोय असं वाटतं. रिव्ह्यू करणाऱ्याचा हा आजार फार जुना आहे.

आमच्या कंपूत टेस्टिंग टीममधली एक मुलगी होती. मी तिला इथे नुसतं 'टेस्टर' म्हणतो. अबोल. ती एकदा आजीचा फोटो घेऊन आली. संगमेश्वर तालुक्यातलं घर, स्वयंपाकघर, आजी चुलीशी पाटावर बसलेली, उजवीकडच्या खिडकीतून उजेड, डावीकडे भिंत. ती फोटोबद्दल काही बोलली नाही. मीच बोललो. एकूण सात मुद्दे. फोटो जरा तिरका आहे. खिडकी जळून पांढरी झाली आहे. आयएसओ जास्त असल्यामुळे नॉईज आलाय. आजी बरोब्बर मध्ये आहे, एक तृतीयांशावर हवी होती. प्लॅस्टिकची बादली लक्ष खेचते. आजी कॅमेऱ्याकडे बघत नाहीये. आणि सातवा मुद्दा: "डावीकडच्या भिंतीवर काहीतरी खरडलंय, त्याने बॅकग्राउंड फार घाण दिसतंय. डावीकडून कापून टाक. बघ, आजी आपोआप एक तृतीयांशावर येते!"

एका कात्रीत दोन बग फिक्स. मी स्वतःवर बेहद्द खूश झालो. तिने सगळं मोबाईलमध्ये टिपून घेतलं आणि म्हणाली, "ओके."

पुढच्या महिन्यात ती आली नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. आम्हाला वाटलं, रिलीज असेल.

तीनेक महिन्यांनी कँटीनमध्ये भेटली. मी मोठ्या उत्साहाने विचारलं, "काय गं, आजीचा फोटो केलास का नीट?"

"केला ना. डावीकडून कापला. मोठी प्रिंट काढून आईला दिली."

"मग? आवडली?"

"आईने विचारलं, नंबर कुठे गेले?"

मला काही कळेना. मग तिने सांगितलं. टेस्टर बग सांगतात तसं, आवाज न चढवता, एका पाठोपाठ एक. भिंतीवर खरडलेलं नव्हतं. आजीने कोळशाने आपल्या चार मुलांचे फोन नंबर लिहिलेले होते. डोळ्यांना कमी दिसायला लागलं तेव्हापासून, चार-चार बोटं उंचीचे आकडे. नावं नाहीत, नुसता क्रम. वर थोरला, मग दोघी मुली, खाली धाकटा. कोणाचा नंबर बदलला की जुन्यावर काट आणि पुढे नवा. काही ठिकाणी दोन-दोन काटा. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईने वीसेक वर्षं ठेवलेली मुलांची खबर होती ती. टेस्टरने तो फोटो त्या भिंतीसाठीच काढला होता. म्हणून तर आजी मध्ये होती. एका बाजूला खिडकी, दुसऱ्या बाजूला नंबर.

"अगं, मग मूळ फोटो असेल ना?"

"सेव्ह करताना त्याच फाईलवर सेव्ह झाला. कार्ड फॉरमॅट केलेलं."

"आजीकडे गेल्यावर परत काढ की."

"गणपतीच्या आधी घराला चुना काढला. मामाने आता आजीला मोठ्या बटणांचा फोन घेऊन दिलाय."

मी म्हटलं, "तू तेव्हाच बोलली का नाहीस?"

ती म्हणाली, "तू विचारलं नाहीस. आणि मला वाटलं, तुला फोटोतलं कळतं."

ती हे टोमणा म्हणून म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती खरंच तसं म्हणाली.

त्या शनिवारी मी तिचं कार्ड आणि पेन ड्राईव्ह मागून घेतलं आणि रात्रभर रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवत बसलो. अलिबागच्या कुठल्याशा सहलीचे फोटो परत मिळाले, तो मात्र नाही. पहाटे अगदी हरल्यावर तिच्या कापलेल्या फाईलचा एक्झिफ उघडला. कॅमेरा जेपेग फाईलच्या आत एक इवलासा नमुनाही ठेवत असतो, १६० बाय १२० पिक्सेलचा, आणि काही सॉफ्टवेअर्स फोटो कापल्यावर तो नमुना बदलायला विसरतात. हेही विसरलं होतं. नमुन्यात अख्खा फोटो होता. खिडकी, आजी, बादली, भिंत. भिंतीवर चार बारीक करड्या रेघा दिसत होत्या. तिथे आकडे आहेत हे कळत होतं. वाचता एकही येत नव्हता.

तो नमुना मी तिला पाठवला. "सॉरी" असंही लिहिलं. तिचं उत्तर आलं, "थँक्स. आईला दाखवते."

या प्रकारानंतर काही दिवस मी कोणाच्याच फोटोवर बोलायचं बंद केलं. सगळ्यांना "छान आहे" म्हणायला लागलो. पण तोही पळपुटेपणाच. भिगवणच्या फोटोला काकांनी "छान आहे" म्हटलं असतं तर मी आजही काळे ठिपके भिंतीवर लावून बसलो असतो. मग फरक कुठे होता? काकांनीही माझा फोटो फाडलाच होता आणि मीही तिचा फाडला होता. तर माझा मला उपयोग झाला आणि तिचा का नाही?

काकांकडेच गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी ड्रॉवरमधून काळ्या पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या काढल्या, इंग्रजी एल अक्षरासारख्या कापलेल्या. दोन्ही एकमेकींवर ठेवल्या की मध्ये चौकट तयार होते, हवी तशी लहान-मोठी करता येते. माझीच एक प्रिंट घेतली, त्यावर ती चौकट सरकवत राहिले. डावीकडून झाकलं, उघडलं. वरून झाकलं, उघडलं.

"आम्ही गिऱ्हाइकाला हे दाखवायचो. इथपर्यंत कापू का? म्हणून विचारायचो. एकदा एका माणसाने सांगितलं, ती कोपऱ्यातली सायकल ठेवा, वडलांची आहे. कापायच्या आधी झाकून बघायचं. आणि झाकताना ज्याचा फोटो त्याच्या तोंडाकडे बघायचं."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. काकांनी मला मत देण्याच्या आधी विचारलं होतं, "तू काय बघितलंस?" मी विचारलंच नव्हतं. कोड रिव्ह्यूमध्येसुद्धा आधी तिकीट वाचतो की आपण, हा बदल कशासाठी केलाय ते बघतो, मग शेरे मारतो. हौशी फोटोला तिकीट नसतं. गिऱ्हाईक नसतं, संपादक नसतो. तो कशासाठी काढलाय हे फक्त एकाच माणसाला माहीत असतं आणि तो समोर बसलेला असतो. त्याला न विचारता नियम लावणं म्हणजे रिक्वायरमेंट न वाचता बग टाकणं.

बरं, ज्या नियमांच्या जिवावर मी उड्या मारत होतो त्यांचं तरी काय? रूल ऑफ थर्ड्स हा नियम जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकाराने १७९७ साली ग्रामीण निसर्गचित्रांवरच्या पुस्तकात मांडला. तेव्हा फोटो नावाची गोष्टच जन्माला यायची होती. चित्रकाराला झाड उचलून बाजूला ठेवता येतं, आजीला भिंत आणि खिडकीच्या मधून उठवता येत नाही. कापण्याबद्दलही तेच. हेन्री कार्तिए-ब्रेसाँ हा फोटो कापण्याच्या ठाम विरोधात होता, पण पाण्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा त्याचा १९३२ चा सगळ्यात गाजलेला फोटो कापलेलाच आहे, कारण तो फळ्यांच्या फटीतून काढताना बाजूची फळी मध्ये आली होती. तिथे कापणं बरोबर, कारण फळी त्याला दाखवायचीच नव्हती. आमच्या टेस्टरला भिंत दाखवायची होती. नियम तोच, कात्री तीच. कशावर चालवायची हे ज्याचं त्यालाच माहीत.

पुढे शोधाशोध करताना कळलं की लिझ लर्मन नावाच्या अमेरिकन नृत्यदिग्दर्शिकेने १९९० पासून यावर एक पद्धतच बसवली आहे. चार पायऱ्या. आधी बघणाऱ्यांनी आपल्याला काय भिडलं, काय जाणवलं ते सांगायचं. मग कलाकाराने प्रश्न विचारायचे. मग बघणाऱ्यांनी प्रश्न विचारायचे, पण त्यात मत लपवायचं नाही ("बादली मुद्दाम ठेवलीस का?" चालेल, "ही घाणेरडी बादली का ठेवलीस?" चालणार नाही). आणि शेवटी मत, तेही कलाकाराची परवानगी घेऊन. "मला भिंतीबद्दल एक मत आहे, सांगू का?" असं. कलाकार नको म्हणू शकतो.

माझे सातही मुद्दे चौथ्या पायरीवरचे होते. मी लिफ्टने थेट चौथ्या मजल्यावर गेलो होतो.

आम्ही ही पद्धत कंपूत चालू केली, आमच्या सोयीने थोडी बदलून. फोटो टीव्हीवर आला की पहिली दोन मिनिटं कोणी बोलायचं नाही. (पहिल्या वेळी फार अवघड गेलं, फक्त भेळेचा कुरकुर आवाज.) मग प्रत्येकाने आपल्याला काय दिसतंय एवढंच सांगायचं, आणि तोपर्यंत ज्याचा फोटो आहे त्याने तोंड उघडायचं नाही. हे दुसरं कलम माझ्यासारख्यांसाठी. कारण साडेतीनचा गजर आणि होडीवाला यांची गोष्ट आधीच सांगितली की लोकांना फोटोत नसलेली थंडीही दिसायला लागते. त्यानंतर मात्र विचारायचंच: तुला काय दाखवायचं होतं?

या दोन उत्तरांमधलं अंतर हाच खरा फीडबॅक. कधी कळतं की डोक्यातलं कागदावर उतरलेलंच नाही, जसं माझ्या भिगवणचं. कधी कळतं की ते उतरलंय, पण बघणाऱ्यालाच दिसलं नाही, जसं संगमेश्वरच्या भिंतीचं. पहिल्यात फोटोग्राफरने शिकायचं, दुसऱ्यात बघणाऱ्याने. आणि कुठलं प्रकरण आहे हे विचारल्याशिवाय दोघांनाही कळत नाही.

टेस्टरला मी स्वतः जाऊन परत बोलावलं. ती म्हणाली बघते. दोन महिन्यांनी आली. फोटो आणला नव्हता, नुसती बसली. त्या दिवशी माझा फोटो होता, तुळशीबागेतला, एक भांडीवाला दुपारी भांड्यांच्या राशीत झोपलेला. दोन मिनिटं झाल्यावर सगळ्यांनी काय दिसतंय ते सांगितलं. तिची पाळी आली.

"मला सगळ्यात आधी उजवीकडचा स्टीलचा डबा दिसतो. त्यात तू दिसतोयस, कॅमेरा घेऊन."

मी दचकून बघितलं. खरंच होतो. महिनाभर फोटो बघत होतो आणि मला मी दिसलो नव्हतो.

"कापू का तिथून?" मी विचारलं.

ती उठली, टीव्हीजवळ गेली आणि तळहाताने तो कोपरा झाकला. काढला. परत झाकला. मग मागे वळून माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"असू दे," मी म्हटलं.